साहेबांना विचारून येतो

मुळात मला त्या दिवशी गाडी घ्यायचीच नव्हती. म्हणजे घ्यायची होती, पण त्या दिवशी नव्हती, आणि त्या दुकानातून तर नव्हतीच. मी रोजच्या थांब्यावर बसची वाट बघत उभी होते. एका हातात पेशंटचा वॉकर, दुसऱ्या हातात व्यायामाच्या रबरी पट्ट्या आणि बॉल भरलेली पिशवी, आणि छत्री... छत्री घरी. आणि नेमका तेव्हाच पाऊस आला. थेंबथेंब, अंदाज घेत वगैरे नाही, एकदम बदाबदा.

थांब्याच्या मागे जुन्या गाड्यांचं दुकान होतं. मोकळ्या जागेत ओळीने लावलेल्या गाड्या, प्रत्येकीच्या काचेवर किमतीचा कागद, आणि मागे एक बुटकं ऑफिस. हवा लागावी म्हणून गाड्यांच्या काचा खाली केलेल्या होत्या. आता एक माणूस या गाडीतून त्या गाडीत पळत त्या वर करत सुटला होता. निळा शर्ट पाठीला चिकटलेला, हातात किल्ल्यांचा जुडगा, आणि हवी ती किल्ली काही केल्या सापडत नव्हती.

त्याने मला बघितलं. मग वॉकरकडे बघितलं. मग माझ्या पायांकडे.

"त्या राखाडी गाडीत बसा," तो लांबून म्हणाला. "अशा पायाने पावसात उभ्या राहू नका."

माझ्या पायाला काहीही झालेलं नव्हतं. मी लोकांचे पाय बरे करते, तो माझा धंदा आहे. पण मी निमूटपणे लंगडत त्या गाडीपर्यंत गेले. का लंगडले ते मला आजही सांगता येणार नाही. इतक्या काळजीने कुणी बोललं की त्याचा हिरमोड करू नये, असं काहीतरी वाटलं असावं.

मी स्टिअरिंगमागे बसले. थोड्या वेळाने तो शेजारचं दार उघडून आत आला, दार ओढून घेतलं आणि बाहीने तोंड पुसलं. टपावर पाऊस नुसता ताशा बडवत होता. एवढ्या छोट्या गाडीत दोन ओली माणसं बसली की काचांवर लगेच वाफ धरते, आणि मग बघायला फक्त एकमेकांकडेच उरतं.

"चांगली गाडी आहे," तो म्हणाला.

"मी बसची वाट बघतेय."

"बसला वेळ आहे अजून."

"तुम्हाला काय माहीत?"

"रोज बघतो ना मी..." आणि मग घाईघाईने, "बस. बस बघतो. थांबा समोरच आहे."

मी खिडकीकडे तोंड फिरवलं. वाफ धरलेल्या खिडकीत काय दिसणार होतं, देव जाणे.

बस आली तसा तो उतरायला गेला आणि तसाच बसून राहिला. शेजारचं दार आतून उघडत नव्हतं. "याचं जरा असं आहे," तो ओशाळून म्हणाला, "हे बाहेरूनच उघडतं. गडबडीत विसरलो. तुम्ही उतरून उघडलंत तर..."

मी उतरले, गाडीला वळसा घातला, दार उघडलं. चांगली तरातरा चालत गेले होते. तो उतरला, माझ्या पायांकडे बघत राहिला.

"पाय बरा झाला," मी म्हटलं.

"गाडीचा गुण असेल," तो म्हणाला, आणि दोघांनाही हसू आलं. बस निघून गेली.

काचेवरचा कागद मी तेव्हाच नीट वाचला. गाडीची किंमत माझ्या साठवलेल्या पैशांइतकीच होती, जरासुद्धा इकडे तिकडे नाही. मी तो पुन्हा एकदा वाचला. कारण गाडी मला खरोखरच हवी होती. एका मोठ्या सेवाकेंद्राने मला घरोघरी जाऊन पेशंट बघायचं काम देऊ केलं होतं, चांगल्या पगाराचं, पण अट एकच, पुढचा महिना उजाडायच्या आत स्वतःची गाडी पाहिजे. नाहीतर ते दुसऱ्या मुलीला घेणार होते.

हे मी घरी आत्याला सांगितलं. मी राहते आत्याकडे, आणि आत्याने उभ्या आयुष्यात एकही वस्तू सांगितलेल्या भावात घेतलेली नाही.

"गरज आहे हे अजिबात कळू द्यायचं नाही," आत्या म्हणाली. "हौस म्हणून बघतेय म्हणायचं. घाई नाही म्हणायचं. आणि हसायचं नाही."

पहिल्या तीन गोष्टी मी नीट पाळल्या.

दुसऱ्या वेळी गेले तेव्हा त्याने मला ऑफिसात बसवलं, मशीनची कॉफी आणून दिली आणि एक कागद समोर सरकवला. वर गाडीची किंमत. खाली आणखी चार ओळी. फाइलचा चार्ज, तपासणीचा चार्ज, पॉलिशचा चार्ज, डिलिव्हरीच्या तयारीचा चार्ज.

"हे काय आहे?"

"हे वेगळं लागतं."

"पण काचेवर तर फक्त..."

"ती गाडीची किंमत. हे गाडी घेण्याचे."

माझं डोकं भणभणायला लागलं. "डिलिव्हरीची तयारी म्हणजे काय?"

"म्हणजे तुम्हाला द्यायच्या आधी गाडी तयार करायची."

"आत्ता ती तयार नाहीये?"

"आहे."

"मग?"

त्याने पेन खाली ठेवलं, पुन्हा उचललं. खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा तोच जास्त गोंधळलेला दिसत होता. "थांबा," तो म्हणाला, "साहेबांना विचारून येतो."

ऑफिसच्या कोपऱ्यात दुधी काचेची केबिन होती. तो दार वाजवून आत गेला, दार लोटलं. आतून आवाज नाही, काही नाही. मी कॉफी पीत बसले. कॉफी संपली, कपाच्या कडेचा डाग नखाने खरवडून झाला, तेव्हा तो बाहेर आला. कपाळावर आठ्या, लढाई करून आल्यासारखा.

"ऐकत नव्हते," तो म्हणाला. "पण काढला. फाइलचा काढला."

"आणि बाकीचे?"

"आज जास्त ताणायला नको, बिथरतील. तुम्हाला घाई तर नाही ना?"

आता खरं सांगायला हवं होतं. पण डोळ्यांसमोर आत्या उभी राहिली. "छे," मी म्हटलं. "हौस म्हणून बघतेय. सहज फिरायला."

"मग शुक्रवारी या ना," तो म्हणाला. त्याच्या आठ्या कुठल्या कुठे गेल्या होत्या.

मी बसमध्ये बसल्यावर विचार करत राहिले. एक तर हा माणूस मला मदत करत होता, नाहीतर गोड बोलून गाडी माझ्या गळ्यात मारत होता. कुठलंही धरलं तरी हिशेब जुळत होता, तीच तर पंचाईत.

शुक्रवारी कॉफीत साखर नव्हती. मागच्या वेळी गोड कॉफी पिताना मी तोंड वाकडं करत होते, हे त्याने बघून ठेवलं होतं. त्या दिवशी त्याने गाडी चालवून बघायला सांगितली. मी कितीतरी दिवसांनी स्टिअरिंग हातात घेत होते. पहिल्याच वळणावर गाडी बंद पडली. मागून हॉर्न.

"राहू द्या, वाजवू दे त्यांना," तो शांतपणे म्हणाला. "क्लच सावकाश सोडा. पायाचं तुम्हाला मी काय शिकवणार."

परत आल्यावर मी उतरले, वळसा घालून त्याच्या दाराशी गेले. दार उघडलं तरी तो लगेच उतरला नाही.

"काय झालं?"

"काही नाही," तो म्हणाला. "तुम्ही येऊन दार उघडेपर्यंत नुसतं बसून राहायचं... बरं वाटतं."

आता याला काय म्हणायचं? हे गाडी विकायचं बोलणं होतं की माझ्याशी बोलणं होतं? मी घरापर्यंत याच विचारात गेले आणि एक थांबा पुढे उतरले. तपासणीचा चार्ज त्या दिवशी निघाला होता. साहेब ऐकत नव्हते म्हणे.

"त्याला तू आवडतेस का, आणि त्याला गाडी खपवायची आहे का, हे दोन प्रश्न आहेत," आत्या म्हणाली. "एकात एक कालवू नकोस."

"कालवलेलेच मिळालेत मला," मी म्हटलं.

"हसलीस का तिथे?"

मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले.

त्याच्या पुढच्या वेळी मी जरा लवकर पोचले आणि तिथेच सगळं बिनसलं. ऑफिसात एक म्हातारं जोडपं बसलं होतं. तो त्यांच्यासमोर पेन खाली ठेवत होता, पुन्हा उचलत होता. "तुम्ही म्हणताय ते पटतंय मला," तो त्यांना म्हणाला, तोच आवाज, तोच ओशाळलेला चेहरा. "थांबा, साहेबांना विचारून येतो."

मी दारातच उभी राहिले. आजी माझ्याकडे बघून कौतुकाने म्हणाल्या, "फार भला मुलगा आहे हो. आमच्यासाठी साहेबांशी भांडायला गेलाय."

म्हणजे हे असं होतं. मला इतकं वाईट वाटेल याची मला कल्पना नव्हती. गाडी घेणाऱ्या बाईला वाईट वाटावं त्यापेक्षा हे पुष्कळच जास्त होतं. मग तो बाहेर आला, मला बघून त्याचा चेहरा उजळला, आजी-आजोबांचा कागद तसाच हातात ठेवून त्याने आधी मला खुर्ची दिली... आणि माझा पुन्हा गोंधळ उडाला. त्या दिवशी पॉलिशचा चार्ज निघाला. मी जेवढ्यास तेवढं बोलले. निघताना तो म्हणाला, "काही चुकलं का माझं?" मी म्हटलं, "साहेबांना विचारा."

राहिला डिलिव्हरीच्या तयारीचा. तेवढेही पैसे माझ्याकडे वर नव्हते, आणि आत्याकडे हात पसरायचा नव्हता. महिना संपत आला. सेवाकेंद्रातून फोन आला, सोमवारी सकाळी गाडीसह या, नाहीतर आम्ही त्या दुसऱ्या मुलीला कळवतो. शनिवारी दुपारी मी तडक दुकान गाठलं. तो नव्हता जागेवर. मी ठरवलं, बास झालं, आता थेट साहेबांशीच बोलायचं. आत्याचं शिक्षण बाजूला ठेवून सरळ सांगायचं, बाबा रे, माझी नोकरी जातेय.

मी केबिनचं दार वाजवलं आणि उत्तराची वाट न बघता उघडलं.

आत साहेब नव्हते. साहेबांची खुर्ची होती, तिच्यावरचं दुकानातलं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. टेबलावर पाण्याचा जग, एक बंद पडलेला पंखा. आणि काचेला नाक लावून, हातात पाण्याचा पेला घेऊन तो उभा होता. एकटा.

"साहेब कुठे आहेत?" मी विचारलं. माझ्या मेलीच्या तोंडातून आधी तेच निघालं.

"साहेब..." तो म्हणाला. पेला खाली ठेवला, पुन्हा उचलला. "साहेब नाहीत."

"कधी येतील?"

"तसं नाही. साहेब असे नाहीतच. मालक आहेत, ते दुसऱ्या गावी असतात. त्यांनी पहिल्या दिवशीच शिकवलं होतं, गिऱ्हाईकाला तोंडावर हो म्हणायचं नाही. आत जायचं, पाणी प्यायचं, जरा थांबायचं, मग बाहेर जाऊन काढला म्हणून सांगायचं."

"आणि ते चार्ज?"

"ते काढायसाठीच लावलेले असतात," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "जो भांडतो त्याचे काढायचे. तेवढं मला माझं मी करता येतं."

"म्हणजे माझे चारही तुम्ही पहिल्याच दिवशी काढू शकत होतात."

"हो."

"मग एकेक कशाला? एकेका चार्जसाठी दोन-दोन बस बदलून येत होते मी."

त्याने पेला टेबलावर ठेवला. मग हळूच म्हणाला, "सगळे एकदम काढले असते तर तुम्ही गाडी घेऊन गेला असता."

"मग गाडी विकायलाच बसलाय ना तुम्ही?"

"हो. पण तुम्ही गेला असता ना..."

दुसऱ्या कुठल्या दिवशी हे ऐकलं असतं तर मी काय केलं असतं कोण जाणे. पण त्या दिवशी मी रडायच्याच बेतात होते. "मला नोकरीसाठी हवीय गाडी," मी म्हटलं. "सोमवारी गाडी नसली तर नोकरी गेली. हौस नाही, फिरणं नाही, काही नाही."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "पण तुम्ही घाई नाही म्हणाला होतात."

"आत्याने सांगितलं होतं तसं म्हणायला."

"मलाही मालकांनी सांगितलं होतं," तो म्हणाला.

मग तो बाहेर गेला, कागदावरची शेवटची ओळ खोडली, सही केली, पैसे घेतले, किल्ली माझ्या हातात ठेवली. गाडी धुऊन पुसून तयार होती. कधी करून ठेवली होती विचारायचा मला धीर झाला नाही. मी आभार मानले नाहीत. मागे वळून बघितलंही नाही. म्हणजे आरशात बघितलं, पण आरसा नीट लावलेला नव्हता, त्यात नुसता बसथांबा दिसला.

नोकरी लागली. मी गावभर फिरायला लागले. एका आजोबांचा गुडघा, एका शिक्षिकेचा खांदा, दुपारी डब्यातलं खाणं गाडीतच. सगळं छान चाललं होतं आणि मला काही म्हणता काही गोड लागत नव्हतं. शेजारची सीट रिकामी. आत्या मागे बसायची, कारण पहिल्याच दिवशी ती पुढे अडकली होती आणि मी फोनवर बोलत बोलत घरात निघून गेले होते.

"ते दार दुरुस्त करून घे," ती रोज म्हणायची.

"घेते."

"कधी?"

मी रेडिओ लावायचे.

त्याच्याकडे माझा नंबर होता, पण त्याचा फोन आला नाही. याचा अर्थ गाडी विकली, विषय संपला. किंवा याचा अर्थ त्याला लाज वाटत होती. किंवा त्या आजींकडेही तो असाच बघत होता आणि मी उगाच मनात मांडे खात होते. एका रविवारी आत्या माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली.

"अगं, आम्ही भाव करतो तो वस्तू स्वस्तात मिळावी म्हणून," ती म्हणाली. "त्याने भाव लांबवला तो वस्तू हातची जाऊ नये म्हणून. मूर्ख आहे, पण विक्रेता म्हणून मूर्ख आहे. माणूस म्हणून काय आहे ते जाऊन बघ. आणि हसलीस तरी चालेल."

मी गेले. रिमझिम होती. तो ओळीतल्या गाड्यांच्या काचा वर करत होता. राखाडी गाडी आत वळलेली बघून त्याच्या हातून किल्ल्यांचा जुडगा पडला.

"काही बिघडलं का?" त्याने विचारलं.

"नाही."

"दार त्रास देत असेल. आम्ही फुकट करून देऊ."

"दाराचं काही म्हणणं नाही माझं. फोन का नाही केलात?"

"गाडी विकल्यावर आम्ही फोन केला," तो म्हणाला, "की लोकांना वाटतं सर्व्हिसिंगचा आहे." मग तो जुडग्यातली एकेक किल्ली उगाचच सरकवत राहिला. "तुमच्या मनात माझ्याबद्दल काय आलं असेल ते मला कळतंय. आणि मी काहीही म्हटलं तरी ते विकायचंच बोलणं वाटणार. म्हणून... तरी विचारतो. एक फेरी मारायची? मी सोबत. कामासाठी नाही."

मला हो म्हणायचं होतं, आणि भीतीही वाटत होती, कारण चेहरा तोच होता, ओशाळलेला, आजींसमोरचा. खरं काय ते मला कसं कळणार होतं?

"थांबा," मी म्हटलं. "साहेबांना विचारून येते."

त्याला तिथेच सोडून मी ऑफिसात शिरले, केबिनमध्ये गेले आणि दार लोटलं. प्लॅस्टिक न काढलेली खुर्ची, पाण्याचा जग. मी पेलाभर पाणी ओतलं आणि तो उभा राहायचा तिथे जाऊन उभी राहिले. साध्या काचेवर चिकटवलेला दुधी कागद तिथे, डोळ्यांच्या उंचीला, जरासा निघालेला होता. तेवढ्या फटीतून बाहेरची एकच गोष्ट दिसत होती, गिऱ्हाइकाची खुर्ची.

म्हणजे पाणी प्यायला तेवढा वेळ लागत नव्हता त्याला.

तो आत आला आणि त्या खुर्चीवर बसला. माझ्या खुर्चीवर. केस सारखे केले, विस्कटले, पुन्हा सारखे केले. तेवढ्यात एक जाडजूड गृहस्थ आले, चांगल्या बुटांचे, खिशात पैसे असणारे. बाहेरच्या मोठ्या गाडीकडे बोट दाखवून म्हणाले, "ही आजच न्यायची आहे. सगळे मिळून किती?"

तो केबिनच्या दाराकडेच बघत होता. "काचेवर लिहिलंय तेवढेच," तो म्हणाला.

"वरचे चार्ज?"

"काही नाहीत. तुम्ही उद्या या. नाहीतर... बसा. नको, उद्याच या. माझं एक काम आत अडकलंय."

गृहस्थ चक्रावून निघून गेले. हातातलं गिऱ्हाईक गेलं आणि त्याने मान वळवूनसुद्धा बघितलं नाही. मी पेला खाली ठेवला. इतके दिवस डोक्यात चाललेली कटकट थांबली, आणि पाणी न पिताच मी बाहेर आले.

तो उठून उभा राहिला. "काय म्हणाले साहेब?"

"ऐकत नव्हते," मी कपाळाला आठ्या घालून म्हटलं. "पण हो म्हणाले."

गाडीपाशी गेलो. मी त्याच्यासाठी दार उघडलं, तो बसला, मी दार लावलं आणि वळसा घालून माझ्या जागी आले.

"दुरुस्त का नाही केलंत हे?" त्याने विचारलं.

"कारण यात बसलं की मी येऊन उघडेपर्यंत उतरता येत नाही," मी म्हटलं. क्लच सावकाश सोडला. "आणि तुम्ही मला आवडता. हे सांगायला मला आत जाऊन यावं लागणार नाही."

काचांवर वाफ धरली तशी त्याने आपल्या बाहीने माझ्या समोरची काच पुसून दिली. "मला तर पहिल्या दिवशीपासून," तो म्हणाला. "लंगडत आलात तेव्हापासून. थांब्यावर रोज नीट चालताना बघत होतो ना तुम्हाला."

मी गावाला एक फेरी घातली आणि बसथांब्याशी येऊन थांबले. उतरले, भिजत वळसा घातला, त्याच्या दाराला हात लावला. त्याने आतून काचेवर टकटक केलं आणि मान हलवली. नको, उघडू नका. मी हसले आणि परत माझ्या जागेवर जाऊन बसले.